कालचं पाणी

ही गोष्ट खरी आहे. अक्षर न् अक्षर खरी. खोटं सांगत असेन तर या जन्मी मला पुन्हा गार पाणी मिळू नये.

सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं... म्हणजे मी तेव्हा तिथे नव्हतो. ज्याने मला सांगितलं तो होता. तोही सगळा वेळ नव्हता. ते असो. डोंगराची उंची मी जराशी वाढवली आहे, गोसावीबाबांचं वय थोडं चढवलं आहे, आणि एके ठिकाणी चांगली भलीमोठी थाप मारली आहे. ती कुठली ते शेवटी सांगेन. बाकी सगळं जसंच्या तसं.

“पण माझं पाणी मीच का प्यायचं नाही?” विश्वंभरने विचारलं.

“गरम आहे,” गोसावीबाबा म्हणाले.

विश्वंभरने हातातल्या तांब्यात पाहिलं. भर उन्हात आंबेतळे गावचा डोंगर चढून आला होता तो. तांब्या पोटाशी धरून आणला होता, आणि पाणी खरंच चहाला आधण ठेवल्यासारखं झालं होतं.

“मग याचं काय करू?”

“त्यात ओत.” बाबांनी उजवीकडच्या रांजणाकडे बोट केलं. मग डावीकडच्या रांजणावर हात ठेवला. “आणि यातलं पी.”

“यातलं कुणाचं?”

“काल जे आले त्यांचं.”

“आणि माझं?”

“उद्या येतील त्यांचं.”

“ते कोण?”

बाबांनी खांदे उडवले.

विश्वंभरने ओतलं. मग दुसऱ्या रांजणात पितळी फुलपात्र बुडवलं आणि प्यायला. पाणी असं गार, की दातांतून निघालेली कळ थेट टाळूपर्यंत गेली. डोळे मिटून तो तसाच उभा राहिला. फुलपात्र खाली ठेवायला विसरला.

“आणखी घे,” बाबा म्हणाले. “लोकांचंच आहे.”

हा विश्वंभर तालुक्याच्या गावचा. पाइप आणि मोटारींचं दुकान होतं त्याचं. आसपासच्या शिवारात अशी विहीर सापडणं कठीण, जिच्या तळाशी विश्वंभरने विकलेली मोटार घुमत नव्हती. लग्न करायचं राहून गेलं होतं. दुकान चालत होतं, झोप येत नव्हती. कुणीतरी म्हणालं, डोंगरावर एक गोसावी बसतो, काही सांगत नाही, पण बरं वाटतं. म्हणून आला, पाणी प्यायला, आणि राहिला. दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात घातलं.

राहिला तो शिष्य म्हणून. पण आयुष्यभर दुसऱ्यांचं पाणी वर चढवून दिलेला माणूस. त्याचा ताठा काही दुकानाबरोबर भावाकडे गेला नाही.

मठ म्हणजे काय, तर एक पडवी, एक खोली आणि पडवीत मानेपर्यंत पुरलेले दोन रांजण. डोंगराच्या पायथ्याला, उंबराखाली, खडकात एक कुंडी होती. कुंडी कसली, परातीएवढी खोलगट जागा. खडकाच्या फटीतून पाणी पाझरायचं आणि तिच्यात साठायचं. काठावर धोंड्यावर तांबे पालथे घातलेले असायचे. ज्याला वर जायचं त्याने एक उचलायचा, भरायचा, वर न्यायचा, आणि उतरताना परत ठेवायचा. बाबांच्याही आधीपासून हे असंच होतं.

एक तांब्या भरला की कुंडीतलं पाणी खाली जायचं. मग पुढच्याने बसायचं. पाणी वर येईपर्यंत. त्या बसण्यात आंबेतळ्याची किती लग्नं जमली आणि किती भांडणं मिटली याला गणती नाही. उंबरावरची माकडंसुद्धा रांग धरून बसायची. (बरं, माकडं राहू द्या.)

संध्याकाळी बाबा उठायचे. एका रांजणावरचं लाकडी झाकण काढून दुसऱ्यावर ठेवायचे. झालं. ओतायचा रांजण प्यायचा व्हायचा आणि प्यायचा ओतायचा. रोजची पूजा म्हणाल तर एवढीच.

“एवढ्यासाठी लोक डोंगर चढतात?” विश्वंभरने एकदा विचारलं.

“तू कशासाठी चढलास?”

“मी तुमच्यासाठी आलो.”

“असं...” बाबा म्हणाले, आणि झाकण ठेवून आत गेले.

गिरजाबाई मात्र रोज यायची.

आंबेतळ्याची म्हातारी. पातळाचा ओचा खोचलेला, गुडघे दुखरे आणि जीभ धडधाकट. वर यायची, ओतायची, प्यायची, पडवीत टेकायची आणि जायची. बाबांशी चार शब्द बोलली तर बोलली. कशाला येते, कुणी विचारलं नाही. विचारायची छाती नव्हती.

एकदा चैत्रात ती मठाच्या अगदी पायरीशी आली आणि पाय घसरला. तांब्या हातातून सुटला. पाणी सांडलं, तांब्या खणखणत खाली गेला. तिचं कोपर सोललं.

विश्वंभर धावला. “आजी, लागलं का? बसा. बसा इथं. पाणी मी आणतो.”

“तू तुझं आण,” गिरजाबाई म्हणाली. कोपराला थुंकी लावली. “माझं मी.”

“अहो, रक्त येतंय!”

“रगात माझंय का तुझं?”

आणि ती उतरली. पुन्हा पायथ्याला गेली. कुंडीपाशी बसली. भरलं. पुन्हा चढली. रांजणात ओतलं तेव्हा तिच्या तोंडावर अशी काही ऐट होती, की विश्वंभरला रागच आला. म्हातारीचा नव्हे. बाबांचा. कारण बाबा सगळं पाहत पडवीत बसून होते.

संध्याकाळी झाकणाच्या वेळी त्याने विषय काढलाच.

“बाबा, मोटार बसवू?”

बाबा गप्प.

“खाली कुंडीवर मोटार. वर टाकी. पडवीत नळ. सगळं मी करतो, तुम्हाला बोटसुद्धा लावायला नको.”

गप्प...

“म्हातारी माणसं पडतात, बाबा. लोक तांब्याभर पाण्याला ताटकळतात. हे बरं दिसतं का?”

बाबांनी झाकण रांजणावर ठेवलं. हाताने नीट फिरवून बसवलं.

“कुंडीला विचारलंस?”

विश्वंभर हसला. “कुंडी काय सांगणार?”

बाबा काही बोलले नाहीत. आणि विश्वंभर पडला जन्माचा दुकानदार. समोरचा गप्प बसला की सौदा झाला, एवढंच त्याला ठाऊक.

महिन्याच्या आत डोंगरावर काळी प्लॅस्टिकची टाकी उभी राहिली. कातळावरून पाइप गेला. रस्त्याच्या खांबावरून वीज आली. पडवीच्या कोपऱ्यात नळ बसला. पायथ्याशी फलक लागला, निळ्यावर पांढरी अक्षरं: ‘शाश्वत पाणी योजना’. हायस्कूलचे मुख्याध्यापक भाषणाला आले. पुढच्या पिढ्या, निसर्गाचं देणं, आपली जबाबदारी, असं पुष्कळ बोलले. घसा कोरडा पडला तेव्हा त्यांना नळाचं पाणी दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मुख्याध्यापक म्हणाले, “बाबा, पहिला मान तुमचा.”

गोसावीबाबा उठले. एकशे दहा वर्षांचा माणूस. (सत्तर धरा.) नळापाशी गेले, चावी सोडली, धार पाहिली. आणि कुणाला काही कळायच्या आत वाकून त्यांनी धारेखाली आपलं डोकं धरलं.

पाणी जटांवरून, मानेवरून, पाठीवरून वाहिलं. पडवी भिजली. बाबा हसत होते. खदाखदा, न्हाणीतल्या पोरासारखे. त्यांना तसं हसताना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

विश्वंभरच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण जन्माला आलो ते याचसाठी, असं त्याला वाटलं.

गिरजाबाई त्या दिवशीही तांब्या घेऊन आली होती. गर्दीच्या मागे उभी होती. तिने रांजण पाहिला. काठापर्यंत भरलेला. हौसेने पाइप सोडून कुणीतरी भरून ठेवला होता. ओतायला जागा नव्हती.

ती मागे वळली. मग भरला तांब्या घेऊन डोंगर उतरली.

विश्वंभरने पाहिलं ते. त्याला वाटलं, उद्या येईल.

ती आली नाही.

बाकीचे आले. पूर्वीपेक्षा जास्तच. आता हात हलवत यायचं होतं. पोरंटोरं आली, डबे आले, जेवणावळी झाल्या. पाय धुवायला नळ, भांडी घासायला नळ, एकमेकांच्या अंगावर उडवायलाही नळच. चावी नीट बंद करायची कुणाला आठवण राहायची नाही. रात्रभर पडवीत टिपटिप चालायची. पायथ्याशी उंबराखाली मात्र कुणी बसत नव्हतं. धोंड्यावरचे तांबे उन्हापावसात काळे पडले.

रांजण भरायचं काही कारणच उरलं नाही. संध्याकाळी बाबा उठायचे, झाकण या रांजणावरून त्या रांजणावर ठेवायचे. दोन्ही रिकामे.

“बाबा, आता त्याची गरज नाही,” विश्वंभर म्हणाला.

“हो,” बाबा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात मोटारीचा आवाज बदलला.

विश्वंभरला आवाजावरून कळायचं. मोटार पाणी ओढते तेव्हा भरल्या तोंडाने गुणगुणते. वारा ओढायला लागली की किंचाळते. ती किंचाळत होती. तो खाली धावला. कुंडी कोरडी ठणठणीत, पाइपचं तोंड उघडं. तो थांबला. पाणी आलं. मोटार लावली. क्षणात संपलं.

परातीएवढी कुंडी. तांब्यांना पुरत होती. टाकीला कुठून पुरणार?

इथे तो थांबू शकला असता. मोटार काढून घरी नेऊ शकला असता. पण वर लोक नळापाशी रिकामी भांडी धरून उभे होते, आणि ते त्याच्याकडे बघत होते.

“अहो, पाणी कधी येणार?”

“येणार, येणार!” विश्वंभर म्हणाला.

त्याने विहिरींना सुरुंग लावणारा एक ओळखीचा माणूस बोलावला.

“बारीकसा देतो, शेट,” तो म्हणाला. “नुसती शीर मोकळी होईल. मग बघा पाणी.”

“झऱ्याला काही होणार नाही ना?”

“आता हात लावायचा म्हटल्यावर थोडंफार...” तो हसला. “तुम्ही विहिरी बघितल्यात की इतक्या.”

बघितल्या होत्या. म्हणून तर विश्वंभरने मान हलवली. बाबांना विचारायला या वेळी तो वरही गेला नाही.

धडाका झाला. उंबराची पानं गळून खाली आली. धूळ बसली, आणि खडकातून पाणी उसळलं. पुरुषभर उंच! (बरं, गुडघाभर.) सुरुंगवाल्याने टोपी उडवली. विश्वंभर त्या पाण्यात उभा राहून नाचला म्हणतात. नाचला की नाही मला माहीत नाही, पण भिजला होता एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी धार बोटाएवढी झाली. मग सुतळीएवढी. मग खडक नुसता ओला. मग ओलाही नाही.

तो खडकावर पालथा झोपला. फटीला कान लावला. आत, खूप खोल, पाणी कुठेतरी जात होतं. आवाज येत होता. कुठे जात होतं, कुणासाठी... काही कळत नव्हतं. हात पोचत नव्हता.

तो तसाच पडून राहिला. ऊन कललं तरी उठला नाही.

वर आला तेव्हा बाबा पडवीत बसले होते. विश्वंभर त्यांच्यासमोर बसला. दोघेही नळाकडे पाहत होते. नळातून थेंबही टपकत नव्हता. पहिल्यांदाच तो नीट बंद झाल्यासारखा वाटत होता.

“बाबा, तुम्ही मला थांबवलं का नाही?”

“...थांबला असतास?”

“थांबलो असतो. तुमचा शब्द मी कधी मोडलाय?”

बाबा विचारात पडले. उगाच नव्हे, खरोखर. कधी मोडला आहे का ते आठवत होते.

“नाही मोडलास,” ते शेवटी म्हणाले. “मग हे माझ्याही पदरात घाल.”

“तसं नव्हे, बाबा. माझ्या म्हणण्याचा अर्थ...”

“नळाखाली डोकं मीच धरलं होतं. सगळ्यांच्या आधी.”

विश्वंभरने मान वर केली.

“गार नव्हतं ते पाणी,” बाबा म्हणाले. त्यांनी आपले तळहात उघडून पाहिले, जणू त्यांत काही उरलं असावं. “पण पुष्कळ होतं. पुष्कळ कसं असतं... ते मलाही बघायचं होतं.”

संध्याकाळ झाली. बाबा झाकणासाठी उठले नाहीत.

ते पाहून विश्वंभर हादरला. झरा गेला तेव्हाही इतकं काही वाटलं नव्हतं. तो स्वतः उठला. झाकण उचललं, दुसऱ्या रांजणावर ठेवलं, हाताने फिरवून बसवलं. आत काही नव्हतं. तरी बसवलं.

सकाळी तो आंबेतळ्याला गेला.

गिरजाबाई ओट्यावर बसली होती. पाय लांब केलेले. त्याला पाहून तिने पाय आवरायचा प्रयत्न केला. आवरले नाहीत.

“गुडघे कसे आहेत, आजी?”

“बसून हाईत,” ती म्हणाली. “चढत हुते तवर चालत हुते. आता म्हनत्यात, आमाला कशाला उठवतीस?”

विश्वंभर खाली बघत राहिला. ज्या गुडघ्यांसाठी त्याने डोंगर पोखरला होता, ते समोर सुजून पडले होते.

“मला वाटलं, तुम्हाला त्रास होतो...”

“व्हयचाच की.”

“म्हणून मी नळ...”

“आरं, तरास माझा हुता!” म्हातारी कडाडली. “तू कशाला न्हेलास?”

कोंबडी ओट्यावर चढली. तिने तिला हाकललं. मग आवाज खाली आला.

“माझा ल्योक टरकावर गेला गुजरातकडं. न्हाई आला. जिता हाय का न्हाई, कुनी सांगंना. म्या म्हनलं, कुटंतरी उनातानात आसंल. कुनीतरी त्याला घोटभर गार पानी देत आसंल. तर हितं म्या देते. हितं कुनाच्या तरी लेकाला. म्या वतलेलं कुनीतरी पितंय, येवढंच हुतं मला. त्ये बी तुझ्या नळानं संपवलं.”

विश्वंभरला बसल्या जागी वितळून जावंसं वाटलं. माफी मागायला आला होता, पण ती कोणत्या तोंडाने मागायची, ते सुचेना.

“आजी, कुंडी गेली.”

“ऐकलं. धडाका झाला तवा माझी भांडी पडली.”

“आता काय करू?”

“मला काय इचारतोस? गुरू केलाय न्हवं तू?”

तो उठला. दोन पावलं गेला असेल, तेव्हा मागून हाक आली.

“ए पायपवाल्या!”

तिने हात लांब करून उंबऱ्याआडून तांब्या ओढला. धोंड्यावरचा. त्या दिवशी भरला घेऊन उतरली होती, तोच. घासूनपुसून लखलखीत ठेवलेला. ओट्यावरच्या माठातून तिने तो काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला.

“वर न्हे. वत. आन् वाटंत पिऊ नगंस.”

आंबेतळ्याहून डोंगर म्हणजे पायथ्यापर्यंत उन्हाची वाट आणि मग चढण. विश्वंभरचा घसा वाळून खडखडीत झाला. पाणी छातीशी हिंदकळत होतं. उंबराखाली तो थांबला. कुंडीकडे बघवेना. पुढे निघाला.

वर पोचला. रांजणात ओतलं. कोरड्या रांजणाने ते असं प्यायलं, की तळाला नुसता डाग दिसला.

“म्हातारीचं आहे,” तो म्हणाला.

बाबांनी वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

संध्याकाळी ते झाकणासाठी उठले.

त्या दिवसापासून विश्वंभर रोज उतरू लागला. गावातल्या आडाचा एक तांब्या आपला, एक गिरजाबाईच्या माठातला. रोज वर आणायचा, ओतायचा. कोरडा तळ भिजेपर्यंत रांजणात काही साठेना. लोक हसले. ज्यांनी नळाखाली पाय धुतले होते तेच जास्त हसले. “काय शेट, टाकी भरताय का चमच्यानं?” विश्वंभर मान खाली घालून चढायचा.

आणि मग एका चैत्रात तो उंबराखाली विसाव्याला टेकला असताना त्याच्या हाताला गार लागलं.

त्याने वळून पाहिलं. फटीच्या कडेला ओल होती. ओलीचा मणी झाला, मण्याचा थेंब झाला. थेंब कुंडीत पडला. टप्. विश्वंभरने श्वास धरला. दुसरा पडला. संध्याकाळपर्यंत कुंडीच्या तळाशी आभाळ दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी तांब्या बुडाला. गावभर बोभाटा झाला. लोकांनी धोंड्यावरचे तांबे शोधून काढले, चिंचेने घासले. आणि सगळ्यांच्या पुढे, ओचा खोचून, काठी टेकत गिरजाबाई डोंगर चढत होती, आणि माकडं रांगेत उभी राहून तिला वाट देत होती...

माकडं आली तेव्हाच तुम्ही ओळखलं असेल.

थाप ती हीच. झरा परत आला, हे मी घातलं. झऱ्याला पाणी फुटेल, म्हातारीचे गुडघे उठतील, लोक लाजून तांबे घासतील... सांगताना मला इथे दर वेळी असंच करावंसं वाटतं. पुष्कळ गावांत तर मी इथेच थांबतो आणि लोक खूश होऊन घरी जातात.

पण कुंडी कोरडी आहे. आत आता पाचोळा साठतो. गिरजाबाई पुन्हा चढली नाही, ओट्यावरचा माठ मात्र भरून ठेवते. टाकीला उन्हाने भेग गेली. फलक तेवढा अजून जिथल्या तिथे आहे, निळ्यावर पांढरा, ठळक.

आणि विश्वंभर रोज दोन तांबे आणतो. कधी एखादा मेंढपाळ वाट चुकून वर येतो, गार पाणी पितो, तोंड पुसतो आणि जातो. कुणाचं, विचारत नाही. बाकी दिवस काल ओतलेलं आज तो आणि बाबाच पितात.

एवढ्या गोष्टीत खरं धरायचं तर शेवटचं बोलणं धरा. ते मी वाढवलं नाही, कमीही केलं नाही.

उन्हाचा कहर होता. विश्वंभर चढून आला होता, पडवीत मटकन बसला होता. भरलेले दोन्ही तांबे पुढ्यात.

“बाबा, कुंडी पुन्हा भरेल का?”

बाबा गप्प.

“हे रांजण तरी? पहिल्यासारखे?”

गप्प...

विश्वंभरचा आवाज फुटला. “मग मी हे किती दिवस करायचं?”

बाबांनी त्या दोन तांब्यांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“आजचं ओतलंस का?”